पाच काड्या आणि शेणाचा लेप

"मढ येथील आमच्या सासूबाईंच्या दारचा शंभर वर्षांचा आंबा मरणपंथास लागला असता मी त्यास देशी गाईच्या शेणाचा व वारुळाच्या मातीचा लेप लावला आणि झाड वाचविले. माझे मामेसासरे, जे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांनीही त्या वेळी बुंध्यात काही काड्या खोचून पाहिल्या होत्या; परंतु त्या वाळून गेल्या. पुस्तकी ज्ञान आणि अनुभव यांत फरक असतो तो हाच."

हा मजकूर मढ गावच्या जत्रेनिमित्त यंदा माघात निघालेल्या स्मरणिकेत, मंडपवाल्याची जाहिरात आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची जाहिरात यांच्या मधोमध, लेखकाच्या फेटा बांधलेल्या छायाचित्रासह छापला आहे. लेखक म्हणजे माझ्या भाचीचे यजमान, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, एकुलते एक जावई. मजकुरात वाक्ये तीन आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. पहिल्यात झाड मरणपंथाला कोणी लावले ते सांगितलेले नाही, दुसऱ्यात माझ्या काड्यांविषयी असत्य आहे आणि तिसरे वाक्य पहिल्या दोहोंवर उभे असल्यामुळे ते आपोआपच पडते.

मी हे केवळ मानासाठी उकरून काढतो आहे, असे माझे दोन्ही मुलगे म्हणतात. मान हा भाग आहेच. तो मी नाकारत नाही. एका महाविद्यालयात तीस वर्षांहून अधिक काळ मी वनस्पतींची अंतर्रचना शिकवली आहे आणि 'काड्या खोचून पाहिल्या' हे शब्द मला पचलेले नाहीत. परंतु खरे कारण निराळे आहे. आक्काच्या घरामागच्या उतारावर हिरड्याची सात झाडे आहेत. तिच्या सासऱ्यांच्या आधीपासूनची आहेत. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, वेचून अंगणात वाळवणे हे तिचे ऐंशीव्या वर्षीही स्वतःच्या हाताचे काम आहे. त्यात ती सुनेलाही हात लावू देत नाही. स्मरणिकेतल्या त्या परिच्छेदाच्या जोरावर जावईबापूंनी जाहीर करून टाकले होते की पुढच्या माघात त्या सातही झाडांना ते 'ट्रीटमेंट' देणार आणि मग लेप लावणार. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आता घडले ते क्रमाने सांगतो.

जावईबापू निरगुडसरचे. भोवताली सगळा ऊस आणि कांदा असताना त्यांनी हौसेने द्राक्षबाग लावली आणि ती चांगली आणली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. द्राक्षवाले बागेत एक गोष्ट करतात. मणी धरले की वेलीच्या खोडावरची साल बांगडीसारखी गोल काढायची. त्याला ते गर्डलिंग म्हणतात आणि त्यासाठी दोन पात्यांची खास सुरी मिळते. बांगडी जेमतेम तांदळाच्या दाण्याइतकी रुंद. महिन्याभरात जखम भरते आणि तोवर मणी फुगलेले असतात. ही गोष्ट शास्त्राला धरून आहे. तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्रैराशिकाविषयी.

पाच वर्षांपूर्वी माघातल्या जत्रेला जावईबापू सासुरवाडीस आले. जेवण उत्तम झाले होते. दारच्या आंब्याला वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या. हा आंबा रायवळ. फळ लहान, गोल, दोरेदार आणि इतके आंबट की पिकल्यावरही पोरे तोंड वेंगाडतात. परंतु लोणच्याला त्याच्यासारखी कैरी साऱ्या पश्चिम जुन्नरात नाही. दर वर्षी आक्काच्या लोणच्याच्या बरण्या आमच्या सगळ्या गोतावळ्यात जातात. माझ्या घरी दोन येतात. तर त्या आंब्याकडे पाहून जावईबापूंनी हिशेब मांडला. मनगटाएवढ्या वेलीला दाण्याएवढी बांगडी, तर कवेत न मावणाऱ्या बुंध्याला किती? उत्तर आले, एक वीत. द्राक्षाची सुरी तिथे चालेना, तेव्हा कोयता मागवला.

मी त्या वेळी तिथे नव्हतो. पुढचे मला आक्काने सांगितले आणि माहेरच्या श्रीमंतीचा विषय सोडला तर आक्का कशातही भर घालून बोलत नाही.

"मी म्हनलं, पावणं, आत्ताच जेवलात, हात दुखल तुमचा. ऱ्हाऊ द्या."

"मग?"

"मग काय! म्हनले, आई, तुमच्यासाठी एवढं करू नये व्हय?"

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जावयाला सासू 'नको' म्हणत नाही. ती 'हात दुखेल' म्हणते, 'ऊन लागेल' म्हणते, 'कापडं खराब होतील' म्हणते. शहाण्या जावयाने त्यावरून ओळखायचे असते. आक्काने तिन्ही म्हणून पाहिले. जावईबापूंनी त्याचा अर्थ माया असा घेतला, सदरा काढून खुंटीला लावला आणि मांडीइतक्या उंचीवर, बुंध्याभोवती पुरी एक वीत रुंदीची साल खालचे लाकूड पांढरे लखलखीत दिसेपर्यंत तासून काढली. तासल्यावर पुन्हा खरडली. म्हणजे भरून येण्याची जी काही आशा होती तीही खरडून काढली.

त्या वैशाखात आंबा असा लगडला की येणारेजाणारे थांबून पाहू लागले. कैऱ्या नेहमीच्या दीडपट. आक्काला बरण्या पुरेनात. जावईबापूंचा उदोउदो झाला आणि शेजारच्या दोघांनी आपापल्या झाडांसाठी त्यांची तारीख मागितली.

मी लोणच्याच्या कैऱ्या न्यायला माझ्या गावाहून, डिंगोऱ्याहून, एसटीने गेलो, तेव्हा ते झाड पाहून पिशवी खाली ठेवली आणि बुंध्यापाशी वाकलो. कड्याच्या, म्हणजे साल तासलेल्या पट्ट्याच्या, उघड्या लाकडावर भेगा पडल्या होत्या. वरच्या काठाची साल फुगून ओठासारखी बाहेर आली होती आणि खालच्या काठाची साल मात्र सुकून चिकटली होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही एवढ्यावरून रोग सांगता आला पाहिजे. झाडाच्या लाकडातून पाणी वर चढते आणि पानांनी रांधलेले अन्न सालीतून खाली उतरते. साल कापली की पाणी वर जातच राहते, म्हणून पाने हिरवी दिसतात. अन्न मात्र वरच अडते, म्हणून फळे फुगतात. वरच्या मजल्यावर पंगती झडत होत्या आणि खाली मुळांना घास मिळत नव्हता. साठवण होती तोवर मुळे तग धरणार. मग एक दिवस ती पाणी ओढायचे थांबवणार. त्या दिवशी आक्काचा आंबा गेला.

मी हे अंगणात उभा राहून सर्वांना सांगितले. जावईबापू योगायोगाने आलेले होतेच.

"मामा," ते हसत म्हणाले, "झाड मरायला लागलंय म्हणता, अन् कैरी बघा की राव केवढी!"

"कैरी मोठी आहे तीच खूण आहे," मी म्हणालो.

"म्हणजे लहान झाली तरी रोग अन् मोठी झाली तरी रोग! तुमच्या पुस्तकात निरोगी झाड हाय का न्हाई एखादं?"

अंगणात हशा पिकला. मी हसण्याला भीत नाही. तीस वर्षे मागच्या बाकावरचा हशा ऐकला आहे. संध्याकाळी घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मढला परत आलो तो वस्तरा, भिंग आणि औषधाच्या दुकानातून घेतलेली आयोडिनची बाटली घेऊन. आक्काच्या शिळ्या भातातले एक शीत बशीत ठेवून त्यावर थेंब टाकला. शीत निळेकाळे पडले. जिथे पिष्ट असते, म्हणजे झाडाचे साठवलेले अन्न असते, तिथे हा रंग येतो. मग वस्तऱ्याने कड्याच्या वरच्या सालीची चकती काढली, कागदापेक्षा पातळ. माझा हात अजून चालतो. तीही काळवंडली. शेवटी मुळाच्या एका फाट्याची चकती काढली. ती पिवळट तपकिरी राहिली. एक ठिपका नाही.

मी मान वर करून सगळ्यांकडे पाहिले. आक्का बशीकडे पाहत होती.

"मामा, ती बाटली एक्स्पायरी झाली आसंल," जावईबापू म्हणाले.

"मग भात कसा काळा पडला?"

"भात काय, कशानंबी काळा पडतो."

या वाक्याला शास्त्रात उत्तर नाही. परंतु आक्का उठली, कड्यापाशी गेली आणि सुकलेल्या सालीवरून हात फिरवून आली. मला आत चुलीपाशी बोलावून म्हणाली, "माझ्या लग्नात मांडवाची मेढ या झाडाला बांधली व्हती. तुला काय करायचं ते कर. पण पावण्यांना वाईट वाटंल असं काय करू नको."

मी म्हणालो, "आक्का, झाड वाचवायचं की जावई?"

"दोन्ही," ती म्हणाली. "तू मास्तर हायेस ना?"

उपाय एकच होता आणि तो जुना आहे. तुटलेल्या सालीच्या दोन काठांमध्ये जिवंत काड्यांचे पूल बांधायचे. साल आणि लाकूड यांच्यामध्ये ओलसर, चिकट असा एक नाजूक पापुद्रा असतो. झाडाचा बुंधा जाड होतो तो तेवढ्याच पापुद्र्यामुळे. तो आतल्या बाजूला लाकूड घडवतो आणि बाहेरच्या बाजूला साल. विद्यार्थ्यांना मी त्याचे भारदस्त नाव पाठ करायला लावीत असे, शेतकऱ्यांपुढे मात्र 'ओली साल' म्हणतो. काडीची ओली साल झाडाच्या ओल्या सालीला टेकली पाहिजे. केसभर चुकली तर काडी वाळते. कलम करणारे माळी हे हाताने जाणतात. मला ते डोळ्यांनीही दिसते, एवढाच फरक.

आषाढाच्या आरंभी, हवेत ओल आल्यावर, माझ्या परसातून बोटाएवढ्या जाडीच्या पाच काड्या कापून ओल्या गोणपाटात गुंडाळून मी मढला नेल्या. खालच्या काठाची सुकलेली साल ओल लागेपर्यंत कापून काढली. प्रत्येक काडीची दोन्ही टोके तिरकी तासली. एक टोक वरच्या सालीखाली, दुसरे खालच्या सालीखाली, मध्ये काडी धनुष्यासारखी किंचित वाकलेली. म्हणजे वाऱ्याने झाड हलले तरी ती निखळत नाही. बारीक चुका ठोकल्या, सांध्यांवर मेण बसवले आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट आवळली. काडीचे वरचे टोक वरच राहिले पाहिजे याची खातरजमा केली. काड्यांवरचे डोळे, म्हणजे जिथून फुटवे येतात ते कोंब, मी एकेक खुडून टाकले. कारण पुलाचे काम वाट देणे, स्वतःचा संसार मांडणे नव्हे. पूर्ण दिवस लागला. जावईबापू ओसरीवर बसून फोनवर बोलत होते.

काम झाल्यावर ते उठून आले. सभोवार चालून पाहणी केली.

"झालं, मामा?"

"झालं."

"आता यावर शेणाचा लेप पाहिजे. त्याशिवाय उष्णता जायची न्हाई."

मी तोंड उघडणार तोच दारातून आक्काने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेने मी लहानपणी तीनदा मार खाल्लेला आहे. मी तोंड मिटले. जावईबापूंनी शेण कालवले, वारुळाची माती मिसळली आणि माझ्या मेणावर, माझ्या पट्ट्यांवर, माझ्या पाचही काड्यांवर जाड थर दिला. शेजारच्यांनी पाहिला तो थर. आतले काम पाहायला त्या दिवशी पावसात कोण उभे राहिले होते? आणि मढचा आषाढ! चार दिवसांत सगळा लेप धुऊन खालच्या भातखाचरात गेला. भाताला त्याचा उपयोग झाला असेल, तर तेवढे श्रेय जावईबापूंनी अवश्य घ्यावे.

पाचांतली एक काडी वाळली. हे मी लपवत नाही. उगवतीकडची होती, सांधा थोडा सैल राहिला. चार धरल्या. पहिल्या वर्षी झाडाची पाने पिवळी पडली आणि मोहर आलाच नाही, तेव्हा आक्का माझ्याशी दोन महिने धड बोलली नाही. पुढच्या वर्षी नवी पालवी आली. तिसऱ्या वर्षी चारही काड्या मनगटाएवढ्या झाल्या, चौथ्या वर्षी त्यांच्यावर बुंध्यासारखीच खरबरीत साल चढली आणि त्या जाड होत होत बुंध्याला टेकून अशा एकजीव झाल्या की नव्या माणसाला ते झाडाचेच कंगोरे वाटावेत.

आणि इथेच माझा घात झाला. काम इतके चांगले उतरले की ते दिसेनासे झाले.

"काड्या कुठं हायेत, मामा? दाखवा की," जावईबापू गेल्या दिवाळीत म्हणाले. वाळलेली पाचवी काडी मात्र त्यांनी जपून ठेवली होती. ती त्यांनी खिशातून काढून पाहुण्यांना दाखवली. "ही बघा. बाकीच्या अशाच गळून पडल्या. ही साल झाडानं आपली आपण भरून काढली, लेपाच्या जोरावर."

"झाड वीतभर साल आपण होऊन भरत नाही. आणि तुम्ही तर लाकूडही खरडलं होतं."

"मग हे काय हाय?" त्यांनी माझ्याच कंगोऱ्यावर थाप मारली.

मी म्हणालो, कापून भिंगाखाली दाखवतो. तर आक्का म्हणाली, माझ्या झाडाला आता कोणीबी सुरी लावायची न्हाई, तूबी न्हाई आन् त्यांनीबी न्हाई. ती दोघांना एकाच दमात म्हणाली, परंतु जावईबापूंनी त्यातला आपला वाटा ऐकला नाही. माघात स्मरणिका आली. हिरड्याचा बेत जाहीर झाला. आक्का त्यांना म्हणाली, "उतार लई हाय, पाय घसरंल तुमचा." ते म्हणाले, "तुमी काळजी करू नका, आई."

वैशाखात आक्काचा फोन आला. "ये," एवढेच म्हणाली. मी गेलो. बुंध्याभोवती शेळ्यांसाठी करवंदीच्या काट्यांचे कुंपण असते; ते ती दर उन्हाळ्यात उपसून नवे लावते. त्या दिवशी जुने काटे बाजूला पडलेले होते. तिने मला मावळतीच्या बाजूला नेले आणि बोट दाखवले. नंतर माझ्यासमोर जावयांना फोन लावला. पदर डोक्यावर घेतला, फोनवरसुद्धा, आणि पन्नास वर्षांच्या त्या गृहस्थाला, लग्नानंतर पहिल्यांदाच, सरळ शब्दांत म्हणाली, "हिरड्याला हात लावायचा न्हाई, पावणं. न्हाई म्हंजे न्हाई." पलीकडून "बरं" असे ऐकू आले.

शेजारच्यांना मात्र अजून लेपाचीच आवृत्ती ठाऊक आहे आणि त्यांच्याही उतारावर हिरडे आहेत. म्हणून त्या दिवशी काट्यांमागे काय होते ते इथे नोंदवतो. त्यासाठी मला एक कबुली द्यावी लागणार आहे आणि ती मी आयुष्यात क्वचित देतो. पाचही काड्यांवरचे सगळे डोळे मी खुडले, असे मी पाच वर्षे सांगत आलो. ते खरे नाही. मावळतीकडच्या काडीवरचा एक डोळा माझ्या नजरेतून सुटला होता. काट्यांच्या आड, शेळ्यांपासून सुरक्षित, त्याला फांदी फुटली होती आणि ती हातभर वाढली होती. झाडाने आपली साल आपण भरून काढली असती, तर तिच्यातून फुटलेल्या फांदीला त्याच झाडाचे लहान, गोल, आंबट फळ लागले असते. कलम केलेली काडी दुसऱ्याच्या मुळांवर जगते, पण आपली जात सोडत नाही. माझ्या काड्या डिंगोऱ्याच्या परसातल्या माझ्या केशर आंब्याच्या होत्या.

मढच्या त्या रायवळ आंब्याच्या बुंध्याला, मांडीइतक्या उंचीवर, यंदा केशर आंबा लागला.